टेकरी छापचा डबा

देवास, ७ ऑगस्ट

तीर्थरूप आत्याबाई,

पायांवर डोकं ठेवते आणि आधीच सांगते, चुका पोटात घाला. मागचं पत्र तुम्ही लाल शाईने रंगवून परत धाडलंत, ते मी लॅबच्या कपाटात जपून ठेवलं आहे. "माझी शिक्षा इंदूरला झाली" या वाक्याखाली तुम्ही लिहिलंत, "कोणत्या गुन्ह्याची?" ते वाचून मी एकटीच हसत बसले. आम्ही हिंदी शाळेतली मुलं. शिक्षा म्हटलं की आम्हाला वही-पुस्तकच दिसतं. तुम्हाला फोनवर ऐकू येत असतं तर मी आयुष्यात इतकं मराठी लिहिलं नसतं. सारी नोकरी धारच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली आणि म्हातारपणी कानांनीच संप केला, असं तुम्हीच म्हणता.

आज लिहायला बसले, कारण जे पाहिलं ते घरातल्या कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. परवा सकाळी आमच्या तेल कंपनीच्या फाटकात सरकारी गाड्या येऊ लागल्या. आधी अन्न खातं आलं, मग वजनमापवाले, मग प्रदूषणवाले, मग बॉयलर तपासणारे, शेवटी वीज कंपनी. लग्नघरी वऱ्हाड उतरावं तसे उतरत होते. कोणी आवाज चढवला नाही. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले, आणि टाक्यांच्या तोट्यांवर लाख लावून सील ठोकलं. दुपारी बॉयलर विझला.

आत्याबाई, मी इथे लागल्यापासून तो कारखाना कधी गप्प झालेला ऐकला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा आवारातल्या चिमण्या ऐकू आल्या. एवढं मोठं यंत्र, एवढी माणसं, मालाची रेल्वे फाटकाच्या आत येते असा बारदाना, आणि बोटभर लाखेने सगळं थांबलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मी नुसती बघत राहिले. सरकार इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

कारण कँटीनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबरात निवडणूक. सणासुदीला तेल स्वस्त दिसलं पाहिजे, असा सेठजींना वरून निरोप आला होता. आमचे सेठजी राजगढचे, मोहनखेड्याच्या जैन देवळात माथा टेकल्याशिवाय सौदा न करणारे. ते म्हणाले, सोयाबीन महाग घेतलं आहे, तेल पाण्याच्या भावाने कसं देऊ? एवढंच म्हणाले होते.

तुमची,
अल्पना

धार, १४ ऑगस्ट

अल्पना बाळ,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात या खेपेला चुका कमी निघाल्या, त्यामुळे माझी शाई वाचली. 'बारदाना' म्हणजे मराठीत रिकामी पोती. पोत्यांत रेल्वे कशी येते ते एकदा दाखव.

तुझा कारखाना मला आठवतो. तू मला काचेच्या नळीतून उतरणारं तेल दाखवलं होतंस. आधी काळपट, गढूळ, आणि तुझ्या त्या उंच उंच मनोऱ्यांतून फिरून आलं की सकाळच्या उन्हासारखं. मी हात जोडले तेव्हा तू हसलीस. पण दाण्यातून दिवा निघतो हे पाहून कोणीही हात जोडेल. देवापुढच्या समईत मी तुझंच तेल घालते, माहीत आहे ना? तू जुलैत धाडलेल्या दोन डब्यांपैकी एक चालू आहे, दुसरा तसाच बंद ठेवला आहे.

आता माझं ऐक. निवडणूक जवळ आली की आमच्या बोर्डावर भोपाळचे ट्रंक कॉल वाढत. मी कोणाचं बोलणं कधी ऐकलं नाही, पण कोणाचा नंबर कोणाला जोडतो आहोत ते तर दिसतंच ना. आधी एकाला दरडावायचा फोन जाई आणि पाठोपाठ दुसऱ्या कोणाला गोड बोलायचा. हा दुसरा कोण, ते शोध. नुसत्या भावासाठी कोणी पाच पाच खाती दारात उभी करत नाही. माझा कयास, सेठजींच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा आहे. एबी रोडला लागून आहे, सोन्याची आहे.

तू मात्र आपलं काम सरळ ठेव. आपले संताजीराव, तुझे पणजोबा, धारच्या दरबारात तोशाखान्यावर, म्हणजे मौल्यवान वस्तूंच्या कोठारावर होते. खोट्या कागदावर शिक्का मारा म्हटल्यावर राजीनामा देऊन चालत घरी आले. घरात ही गोष्ट लहानपणी आम्हाला दुधाबरोबर पाजत. तुमच्या पिढीला दूधही पचत नाही म्हणा.

विनोदिनी आत्या

देवास, २ सप्टेंबर

तीर्थरूप आत्याबाई,

तुमचा कयास अर्धा बरोबर निघाला. तो दुसरा माणूस आहे. पण त्याला जमीन नको, आमची रेल्वेची लाईन हवी आहे.

हे मला सेठजींनी स्वतः सांगितलं. एक फार मोठं घराणं आहे, परदेशातून जहाजांनी तेल आणणारं. बंदरावर उतरलेलं तेल रेल्वेने थेट माळव्यात आणायचं, आमच्या टाक्यांत भरायचं आणि डब्यांत घालून विकायचं, असा त्यांचा बेत आहे. त्यांना सोयाबीन दळायचंच नाही. सरकारला त्यात दोन गोष्टी मिळतात. मतदानाआधी बाजारात स्वस्त तेल दिसतं, आणि मंचावरून सांगता येतं की बघा, केवढा मोठा उद्योग देवासला आणला. सेठजी तेवढे वाटेत उभे आहेत.

आत्याबाई, मी हे ऐकताना माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. कुठल्या तरी समुद्रातलं जहाज, दिल्लीतला आयातीवरचा कर, भोपाळचा मंच, आणि या सगळ्याचं टोक माझ्या लॅबच्या टेबलावर. कारण आता ते माझ्यापर्यंत आलं आहे. जुलैच्या बॅचचा नमुना त्यांच्या तपासणीत 'खाण्यास असुरक्षित' ठरला. त्या बॅचवर माझी सही आहे. प्रत्येक बॅचवर माझीच असते, माझ्या सहीशिवाय डबा बाहेर जात नाही.

आमचे मॅनेजर धीरज भिया मला भोपाळला घेऊन गेले. कोणतं खातं ते लिहीत नाही. थंडगार खोली होती, कचोरी मागवली होती. साहेब इतके मऊ बोलत होते की मला माझ्या वर्गातल्या सरांची आठवण झाली. त्यांनी एकच सांगितलं. मी लिहून द्यायचं की जुलैच्या तपासणीत माझ्याकडून चूक झाली आणि तेल खरंच खराब होतं. मग कंपनी दंड भरेल, सील निघेल, कामगार परत येतील, सेठजी कारखाना त्या घराण्याला सोपवून सुटतील, आणि मलाही कोणी काही विचारणार नाही. लिहून दिलं नाही तर खटला. कोणी धमकी दिली नाही, आत्याबाई. निघताना त्यांनी दार माझ्यासाठी उघडून धरलं. मला त्या गोड बोलण्याचीच जास्त भीती वाटली.

काय करावं?

अल्पना

धार, ८ सप्टेंबर

अल्पना,

काय करावं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ते माझं होईल आणि निस्तरावं तुला लागेल.

एकच विचारते, कारण मी ते तेल रोज खाते. तेल चांगलं होतं का?

आत्या

देवास, २० सप्टेंबर

तीर्थरूप आत्याबाई,

तेल चांगलं होतं. मी तेव्हा तपासलं होतं आणि नंतर उरलेल्या नमुन्यातून पुन्हा तपासलं. अगदी स्वच्छ होतं.

सोमवारी राजीनामा झाला. सगळ्यांच्या समोर सही करून आले. सेठजी रडले, त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. धीरज भियांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की आता तुम्ही निवांत झोपा. मी झोपले नाही. एका सहीने इतकं सगळं संपतं याचं मला अजून नवल वाटतं आहे.

गणपतीला येता येणार नाही. आईबाबांना मी काही बोलले नाही, तुम्हीही कोणाला सांगू नका.

अल्पना

धार, २६ सप्टेंबर

चिरंजीव अल्पनास,

कोणाला सांगू नको म्हणालीस आणि मी सगळ्या गावाला सांगून बसले. रागाव हवं तर.

तुझं पत्र दुपारी आलं. मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. तुझी ती चार ओळींची चिठ्ठी मी किती वेळा वाचली असेन ते देवालाच माहीत. सरकार, जहाजवाले, भोपाळचे मऊ साहेब, सगळे एका बाजूला, आणि आमची एवढीशी पोर दुसऱ्या बाजूला. खोटं लिहून देण्यापेक्षा राजीनामा दिलास! मालक रडला म्हणतेस. रडणारच. त्याला जे जमलं नाही ते त्याच्या पगारी मुलीने केलं.

संध्याकाळी इथल्या मराठी समाजाच्या गणपतीपुढे आरती झाल्यावर मी माईक मागितला. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी बहुधा ओरडूनच बोलले. संताजीरावांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आम्ही समजत होतो की ही गोष्ट जुनी झाली. मग तुझं नाव घेतलं. इंदिराबाई, माझ्या शेजारच्या, कोणाचं चांगलं झालं तर ज्यांचं डोकं दुखतं त्या, त्यासुद्धा डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी मी चकल्या तळल्या आणि आरतीला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवल्या.

बाळ, मी साऱ्या जन्मात माणसांचे आवाज ऐकले. मोठमोठे लोक एका फोनवर कसे मऊ पडतात ते ऐकलं. कोणी नाही म्हटल्याचं फार क्वचित ऐकलं. माझं वय तुझ्या अडीचपट आहे, तरी मी तुला नमस्कार करते. आश्चर्याने करते, लाडाने नाही.

देवासची खोली सोड आणि इकडे ये. मागची खोली झाडून घेतली आहे, उन्हं चांगली येतात.

विनोदिनी आत्या

देवास, २१ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्याबाई,

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. आज सगळं लिहिते आणि तुम्ही ते शेवटपर्यंत वाचा.

माझा 'शिक्षा' शब्द तुम्ही पकडलात, 'बारदाना' पकडलात. एक शब्द तुमच्या हातून सुटला, कारण तो मराठीतही अगदी तसाच लिहितात. इथे कोर्टकचेरीत दोन पक्ष आपसात मिटवून टाकतात त्याला राजीनामा म्हणतात. झगडा झाला, राजीनामा झाला, असं बसस्टँडवरचा भाजीवालाही म्हणतो. मी त्या अर्थाने लिहिलं होतं. मी नोकरी सोडली नव्हती, आत्याबाई. मी समझोत्यावर सही केली होती. तेल खराब होतं असं मी लिहून दिलं होतं.

तुमचं पत्र मी कँटीनमध्ये उघडलं. तेव्हा कारखाना पुन्हा सुरू झाला होता आणि माझ्या दारावर नव्या मालकांनी मोठ्या हुद्द्याची पाटी लावली होती. तुमचा नमस्कार वाचला आणि जेवणाचा डबा तसाच झाकून उठले. कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. जे मी केलंच नाही त्यासाठी धारचं सगळं गाव डोळे पुसत होतं, याचं काय करायचं ते मला कळेना. रोज तुम्हाला खरं लिहायला बसायचे आणि 'तीर्थरूप' लिहून थांबायचे.

नवरात्राच्या पहिल्या सकाळी मी देवीच्या टेकरीवर गेले. पायऱ्यांवर सगळं देवास होतं, जुन्या दोन संस्थानांची मोठी पाती, लहान पाती, मालवीत देवीची गाणी म्हणत चढणाऱ्या बायका. वरून आमचा कारखाना दिसतो. इथे लागल्यापासून मी त्याच्या धुरावरून वारा ओळखायची. आता धूर नव्हता. दाणा दळणारा भाग बंद आहे, लाईनवर नुसत्या टाकीगाड्या उभ्या. त्यांतलं तेल आमच्या डब्यांत भरतात, आणि डब्यावर चित्र याच टेकरीचं. मी जिथे उभी होते तिचंच. एवढी हजारो माणसं देवीपुढे हात जोडून उभी आणि त्यातली कितीतरी घरी जाऊन तोच डबा उघडणार. मला तिथे उभं राहून असं वाटलं की सगळ्यांना माझी सही दिसते आहे.

समझोत्याची खातरजमा करायची सुनावणी बुधवारी होती. नुसती रीत असते, अधिकारी विचारतात आणि आपण हो म्हणतो. त्या मॅडमनी मान वर न करता विचारलं, "आप राजीनामे पर कायम हैं?"

मी म्हटलं, "नहीं मॅडम. तेल अच्छा था."

खोलीत पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. आत्याबाई, मला त्या क्षणी आवारातल्या चिमण्या आठवल्या. तेव्हा बोटभर लाखेने सगळं थांबलं होतं आणि आता माझ्या तीन शब्दांनी वकील, धीरज भिया, नवे मालक, सगळे थांबले. मी एवढी लहान आहे आणि तरी माझ्या बोलण्याने काही थांबू शकतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि विचारलं की पुढे काय होईल ते माहीत आहे ना. मी होय म्हटलं. त्यांनी माझं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं.

बाहेर येऊन मी आणखी एक कागद लिहिला आणि धीरज भियांच्या हातात दिला. या वेळी मी मराठीतला राजीनामा दिला.

आता खटला माझ्यावर चालेल. नमुन्याची पुन्हा तपासणी करा अशी मी मागणी केली आहे. पण सरकारकडे ठेवलेला दुसरा नमुना सापडत नाही म्हणतात, आणि गोदामातला जुलैचा माल नव्या मालकांनी नष्ट केला. त्या बॅचचा सीलबंद डबा माझ्या माहितीत एकच उरला आहे, तो तुमच्याकडे. चकल्या चालू डब्यातल्या तेलात तळल्या असतील अशी आशा करते. दुसरा डबा उघडू नका. मी रविवारी न्यायला येते.

तुमचा नमस्कार मी घेतला नव्हता. तो परत करते.

अल्पना

धार, २५ ऑक्टोबर

अल्पना,

डबा उघडला. तुझी ती चार ओळींची चिठ्ठी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. एवढ्या मोठ्या आनंदाला जुनं तेल कसं वापरायचं, म्हणून नवा डबा फोडला आणि सगळ्या समाजाच्या चकल्या त्यातच तळल्या. तळाशी वाटीभर राहिलं आहे, पण सील तुटलेलं, तुझा कायदा ते मानायचा नाही. माझ्या हाताने मी तुझा एकुलता एक पुरावा लोकांना वाढला.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी समाजात गेले आणि सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. एका शब्दाला फसले, लाल शाई घेऊन बसणारी बाई मी. आता रात्री विचार येतो की संताजीरावांचा तो राजीनामा तरी कोणत्या भाषेतला होता. विचारायला कोणी उरलं नाही, तेव्हा आपण तो मराठीतलाच धरू.

मग इंदिराबाई उठल्या. म्हणाल्या, "डबा गेला तर जाऊ द्या. आम्ही आहोत ना? आम्हाला तपासा म्हणावं." महिनाभरापूर्वी त्यांनी त्या तेलाच्या चकल्या पोटभर खाल्ल्या आणि नातवंडांसाठी पदरात बांधून नेल्या, घरात कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. मग एकेक जण हात वर करू लागला. हे लोक, बाळ, वर्गणी मागितली तर खांबाआड जातात. सरकारविरुद्ध साक्ष म्हटल्यावर हात वर! मी ओठांवरून बोलणं वाचते, पण त्या दिवशी डोळे भरल्यामुळे तेही वाचता येईना.

कायद्यात याची किंमत शून्य असेल, मला माहीत आहे. तरी पुढच्या तारखेला आम्ही देवासला येतो आहोत, बस ठरवली आहे. मी पहिल्या रांगेत बसणार. कोणी कितीही गोड बोललं तरी मला ऐकू येत नाही, हा माझा फायदा.

तू रविवारी ये. मागच्या खोलीत उन्हं अजून येतात. पत्र परत पाठवत नाही, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

आणि नमस्कार परत केलास तो मी ठेवून घेतला. तो मी एका शब्दाला केला होता. हा तुला.

विनोदिनी आत्या